मूळ प्रत आणि साक्ष

“इमेज मारून टाक” हा सल्ला संगणकाच्या कुठल्याही लॅबमध्ये सर्रास ऐकू येतो. नीट चालणाऱ्या एका यंत्राची डिस्क जशीच्या तशी सर्व्हरवर उतरवून ठेवलेली असते. एखाद्या पीसीत व्हायरस शिरला, कुणी सेटिंग फिरवलं, मराठी कीबोर्ड नाहीसा झाला, की नेटवर्कवरून ती प्रत पुन्हा चढवायची; थोड्या वेळात यंत्र कोरं करकरीत. न्यूझीलंडमध्ये १९९०च्या दशकात तयार झालेल्या ‘घोस्ट’ने ही रीत रुजवली. आज ‘फॉग’ आणि ‘क्लोनझिला’ ही मुक्त साधनं तेच काम विनामूल्य करतात, आणि तुटपुंज्या पैशांत लॅब चालवणाऱ्या वऱ्हाडातल्या महाविद्यालयांना त्यांचा मोठा आधार आहे. माझी तक्रार साधनांबद्दल नाही. तक्रार अशी, की हा उपाय कारण न विचारता बरं करतो. यंत्र कशाने बिघडलं याचा पुरावा त्या डिस्कवरच असतो, आणि आपण सगळ्यात आधी तोच पुसतो.

रिद्धपुरात हा विचार जास्त टोचतो. मोर्शी तालुक्यातल्या याच गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या. ज्यांनी स्वतः पाहिलं-ऐकलं त्यांना त्यांनी गाठलं, विचारलं आणि मगच लिहिलं. पुढे धाडीत मूळ पोथी गेली. महानुभाव पंथातल्या लोकांनी आठवणीतून ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ पुन्हा उभा केला, आणि हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे वेगवेगळे पाठ झाले. ज्याच्याशी ताडून बाकीचे पुसून टाकावेत अशी मूळ प्रतच हाती नव्हती. त्यामुळे कोण काय सांगतो हे जपणं भाग पडलं. वि. भि. कोलत्यांच्या १९७८च्या आवृत्तीमागे अशा पोथ्या ताडून पाहण्याचं कष्टाचं काम आहे. लॅबमध्ये आपल्याजवळ मूळ प्रत आहे, म्हणून आपण साक्ष घेणं सोडलं.

मात्र एका प्रसंगी कारण न शोधण्याची ही पळवाट बंद होते: ज्या यंत्रावर इमेज चढवायची तेच सर्व्हरला सापडत नाही तेव्हा. “सर, थो पीसी सर्व्हरले दिसूनच नाई राह्यला,” असं लॅब असिस्टंट सांगतो. आता पुसायला काही नाही आणि चढवायलाही काही नाही. कारण शोधावंच लागतं.

मुळात सर्व्हर क्लायंटला शोधत नसतो. हाक क्लायंटनेच द्यायची असते. यंत्र सुरू होताच त्याचं नेटवर्क कार्ड सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतं, मला पत्ता कोण देईल? उत्तरात पत्ता यावा लागतो, शिवाय कुठल्या सर्व्हरवरून कुठली फाइल घ्यायची तेही. मग ती फाइल उतरते, तिच्यातून एक छोटी लिनक्स सुरू होते, आणि ती इमेज मागते. संभाषण यातल्या कुठल्या पायरीवर तुटलं, एवढंच शोधायचं असतं. पडद्यावर क्षणभर चमकणारा संदेश तेच सांगतो. ‘ई५१’ म्हणजे पत्ता द्यायला कुणी पुढेच आलं नाही. ‘ई५३’ म्हणजे पत्ता मिळाला, फाइलचं नाव नाही मिळालं. ‘ई३२’ म्हणजे नाव कळलं, पण फाइल मागितल्यावर उत्तर आलं नाही. हा आकडा लिहून न घेता सर्व्हरवर सगळं नव्याने टाकायला बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

‘ई५३’मागे बऱ्याचदा कुणीतरी सोयीसाठी लावलेला स्वस्तातला वाय-फाय राउटर असतो. तो सर्व्हरच्या आधी उत्तर देतो, पत्ता वाटतो, पण फाइलचं त्याला काहीच ठाऊक नसतं. ‘ई५१’मागे कधी स्विच असतो: तारांचं वेटोळं होऊ नये म्हणून तो नव्याने जागं झालेलं पोर्ट तीस सेकंद अडवून धरतो, आणि काही कार्डं तेवढं थांबत नाहीत. आपल्याकडे लाइन जाऊन आली की पीसी, स्विच आणि सर्व्हर एकदमच उठतात. सर्व्हर सगळ्यांत शेवटी तयार होतो. तोवर हाका मारून झालेल्या असतात. दोन लॅब वेगळ्या नेटवर्कमध्ये असतील तर ही हाक राउटरच्या पलीकडे जातच नाही, ती पोचवणारा रिले बसवावा लागतो. जुन्या बायोसची फाइल नव्या यूईएफआय यंत्राला दिली तर ते गप्प राहतं. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेली फाइल नाकारतं.

याहून मला खिळवून ठेवतो तो ओळखीचा प्रश्न. ‘फॉग’ यंत्राला मॅक पत्त्यावरून ओळखतो, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून. बारीक लॅपटॉपना नेटवर्कचं सॉकेटच नसतं, म्हणून एकच यूएसबी अॅडॉप्टर आळीपाळीने सगळ्यांना लावतात. सर्व्हरच्या लेखी तो अॅडॉप्टरच यंत्र, आणि प्रत्येक लॅपटॉप पहिल्याच्याच नावाने नोंदला जातो. लिनक्सची प्रत करताना मशीन-आयडीही सोबत गेला, तर दोन यंत्रं एकच पत्ता मागून भांडत बसतात. विंडोजच्या एसआयडीची, म्हणजे यंत्राच्या ओळख-क्रमांकाची, कथा तर बोधक आहे. २००९ साली मायक्रोसॉफ्टमधल्याच मार्क रुसिनोविच यांनी सांगितलं की दोन यंत्रांचा एसआयडी सारखा असण्याची भीती अनाठायी आहे, आणि तो बदलणारं स्वतःचं साधनही मागे घेतलं. तरी मायक्रोसॉफ्टचा नियम कायम होता: प्रत घेण्याआधी यंत्राची ओळख पुसणारं ‘सिसप्रेप’ चालवा. पुष्कळांनी तो मनावर घेतला नाही. २०२५च्या ऑगस्टअखेरच्या अपडेटनंतर विंडोज ११च्या नव्या आवृत्त्या सारख्या एसआयडीची यंत्रं एकमेकांकडे येऊ देईनाशा झाल्या, आणि वर्षानुवर्षं सुरळीत चाललेल्या लॅब अडल्या. सगळी यंत्रं सारखी करायची असली तरी प्रत्येक यंत्र वेगळं ओळखता यायलाच हवं.

हे ज्ञान आज राहतं कुठे? बहुतेक ठिकाणी कंत्राटावरच्या असिस्टंटच्या डोक्यात. कंत्राट संपतं, तो दुसरीकडे जातो, आणि नवा माणूस तोच राउटर पुन्हा पहिल्यापासून शोधतो. म्हणून सर्व्हरशेजारी एक वही असावी असा माझा आग्रह आहे. तीत यंत्राचं नाव, मॅक पत्ता, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, आणि काय केल्याने सुटलं ते लिहावं. आणि दोघांचं मत वेगळं असेल तर दोन्ही मतं नावानिशी असावीत. इमेज चढवण्याआधी निदान लॉगच्या फाइली बाजूला काढाव्यात.

ही वही मराठीत असावी. रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतं आहे. भाषा ज्ञानाची व्हायची तर तिने काव्य-शास्त्र सांभाळावं, तसं स्विचचं पोर्ट का अडलं हेही तिला नेमकं सांगता यावं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लॅबमधून अशा नोंदी मागवून, त्या ताडून छापण्याचं काम या विद्यापीठाने हाती घ्यावं. त्यासाठी लागणारी माणसं लॅबमध्ये आजही काम करत आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही.