डबीतील घटक आणि आपला प्रश्न

सौंदर्यप्रसाधनांविषयी इमामाला बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: या क्रीममधील ग्लिसरीन कशापासून काढले आहे? प्रश्न योग्यच आहे. ग्लिसरीन वनस्पतितेलापासून मिळते, तसे प्राण्यांच्या चरबीपासूनही मिळते, आणि डबीवर दोहोंचे नाव एकच छापलेले असते. हनफी फुकहांनी या स्वरूपाच्या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला. अपवित्र तेलाचा साबण झाला तर मूळ पदार्थाचे स्वरूपच पालटते, म्हणून तो साबण त्यांनी पाक मानला. इतर मसलकांत मतभेद आहेत. परंतु त्याच डबीतील पदार्थ त्वचेवर नेमके काय करतो, हा दुसरा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

आपल्या नागपुरात मे महिन्यात तापमान 45 अंशांपलीकडे जाते, तेव्हा त्वचेला आधार हवाच. ग्लिसरीन पाणी ओढून धरते. पेट्रोलियम जेली पाणी देत नाही, असलेले उडू देत नाही. म्हणून ती वुजू किंवा गुस्लनंतर ओलसर त्वचेवर लावावी. झिंक ऑक्साइड ऊन अडविते. नायसिनामाइड, म्हणजे ब-3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार, रंगद्रव्य वरच्या पेशींत पोहोचणे थोडे कमी करते, तेही सावकाश. ही सारी राखण आहे. नीटनेटके दिसण्याची आवड म्हणजे अहंकार नव्हे, हे प्रेषितांनी (स.) स्वतः स्पष्ट केले आहे, साधी क्रीम पाहूनही नाक मुरडणाऱ्यांनी ते ध्यानी घ्यावे.

दुसरा गट निराळा आहे. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य तयार होण्यालाच अडथळा आणते, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावयाचे असते. मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टिरॉइडे आहेत. चार आठवडे चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबविताच चेहरा लालबुंद होतो. सर्वांत घातक पारा. तोही रंगद्रव्य रोखतो, आणि त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंड गाठतो. टॉवेल-उशीमार्फत तो घरातील मुलांपर्यंतही पोहोचतो.

हे दूरचे नाही. अकोल्यातील एका कुटुंबाची हकिकत 2023 च्या आरंभी वर्तमानपत्रांत आली होती. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने स्थानिक सौंदर्यतज्ज्ञाकडून क्रीम घेतली, चेहरा उजळला, लोकांनी कौतुक केले. ते पाहून आई आणि बहीणही तीच क्रीम वापरू लागल्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला असता कारण निघाले क्रीममधील पारा. आपल्या कायद्यानुसार डोळ्यांची प्रसाधने वगळता इतरांत अनवधानाने आलेला पारादेखील दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये.

आता पाहा, त्या डबीत डुकराची चरबी नव्हती की मद्य नव्हते, असे मानले तरी काय निष्पन्न होते? आपली नेहमीची चाळणी तिला अडविणार नाही. परंतु शरीर अल्लाहची अमानत आहे. स्वतःला विनाशात लोटू नये, हे कुरआनने बजावले आहे, आणि हानी दूर करावी हा फिकहचा सर्वमान्य नियम आहे. घटकांची यादी वाचणे हा म्हणूनच दीनबाहेरचा विषय नाही.

मग ही डबी घरात येते तरी का? रिश्ता पाहावयास आलेले लोक मुलीच्या नमाजविषयी विचारण्याआधी तिच्या रंगाविषयी बोलतात, म्हणून. सूरह रूममध्ये भाषांची आणि वर्णांची भिन्नता अल्लाहच्या निशाण्यांत गणली आहे. आपण ती बायोडाटातील उणीव गणतो. वांग किंवा मुरुमांचे डाग यांवर उपचार करणे वेगळे, तो आजारावरचा इलाज आहे. परंतु निरोगी सावळ्या त्वचेला आजार ठरवून तिच्यावर औषध चोळणे, यात निर्मात्याच्या कृतीविषयी तक्रार दडलेली आहे, असे मला वाटते.

विक्रेत्याचे काय? कित्येक भगिनी घरबसल्या बिनलेबलच्या डब्या विकतात. त्या म्हणतील, आम्ही काही मिसळले नाही, आले तसे विकले. येथे धान्याच्या राशीची हदीस आठवावी. प्रेषितांनी (स.) राशीत हात घातला, तो बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, आणि ते खरेच असावे. धान्य त्याने भिजविले नव्हते. तरीही भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारले गेले. दोष पावसाचा नव्हता, लपविण्याचा होता. ज्या डबीत काय आहे हे विकणारीलाच ठाऊक नाही, ती डबी भिजलेल्या राशीसारखीच आहे. शोध घेतल्याविना ती विकणे मला जायज वाटत नाही. कमाई थोडी असो, गरज मोठी असो, ही अट सुटत नाही.

घरात अशी अर्धी वापरलेली डबी असेल तर ती कामवालीला किंवा नातलगाला देऊ नये. झाकण घट्ट लावून, पिशवीत बांधून मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, आणि जिने ती महिनोन्महिने वापरली आहे तिने डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी. लघवीची साधी तपासणीही मूत्रपिंडाचा त्रास लवकर ओळखण्यास उपयोगी पडते.