दुसरी खुर्ची



या वेळचा विषय जरा लांबचा आहे, अमेरिकेतला, आणि तोही खेळातला. "काकू, हे काय नवीन?" असं काहींना वाटेल. पण प्रश्न आपल्या रोजच्या जगण्यातलाच आहे. एखाद्याला सगळ्यांत वरची जागा मिळाली, ती त्याच्याकडून निभावली नाही, आणि मग तो पुन्हा दोन नंबरच्या जागेवर जाऊन कामाला लागला, तर तो खाली आला म्हणायचं का? आपल्याकडे समितीचं अध्यक्षपद गेलं की माणूस पुढच्या कार्यक्रमाला येतच नाही. आला तरी शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसतो. म्हणून मला डिक लेबो या माणसाबद्दल लिहावंसं वाटलं.

माझी लेक ओहायो राज्यात राहते. तिच्या बाळंतपणाला सहा महिने तिथे होते, तेव्हा रविवारी दुपारी टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागलेला असायचा. जावईबापूंनी हौसेनं समजावून दिला. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचं किंवा फेकायचं. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गंमत म्हणजे एकाच संघात चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. त्यामुळे मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली दोन मोठे प्रशिक्षक असतात, एक चढाईचा आणि एक बचावाचा. हे दोघं डोकं चालवतात, पण सामना जिंकल्यावर कॅमेऱ्यासमोर मुख्य प्रशिक्षक उभा असतो.

लेबो बचावाचे प्रशिक्षक. जन्म १९३७ चा, ओहायोतल्याच लंडन नावाच्या गावचा. (हो, तिथेही एक लंडन आहे.) १९५९ मध्ये क्लीव्हलंडच्या संघानं त्यांना निवडलं आणि हंगाम सुरू होण्याआधीच काढूनही टाकलं. मग डेट्रॉइटनं घेतलं. तिथे ते चौदा हंगाम खेळले आणि समोरच्यांनी फेकलेले ६२ चेंडू त्यांनी मधल्या मध्ये पकडले. एवढं करूनही विजेतेपद काही हाती लागलं नाही. १९७३ पासून ते प्रशिक्षक झाले.

ऐंशीच्या दशकात सिनसिनाटीला असताना त्यांनी बचावाची जी पद्धत घडवली, ती आज सगळेच वापरतात. तिला झोन ब्लिट्झ म्हणतात. मला समजली तशी सांगते. समोरचा चेंडू फेकणारा जो असतो, त्याच्यावर जास्त माणसं धावून गेली की तो गडबडतो. पण धावून गेलेली माणसं मागे जागा रिकामी ठेवून जातात, आणि हुशार फेकणारा नेमका तिथेच चेंडू टाकतो. म्हणजे धाडस केलं तर घर उघडं पडतं, घर राखलं तर धाक बसत नाही. लेबोंनी काय केलं? जो नेहमी धावून जातो त्या धिप्पाड गड्याला अचानक मागे पाठवलं, आणि जो मागे राहील असं वाटतं त्याला पुढे. फेकणारा रिकामी जागा समजून चेंडू टाकतो, तर तिथे कुणीतरी उभा! हे करायला फार माणसं लागत नाहीत. लागतो तो प्रत्येकाचा एकमेकांवर विश्वास, कारण दर खेळीला प्रत्येकाला आपली नेहमीची जागा सोडावी लागते. आणि जागा सोडणं किती अवघड असतं ते आपण जाणतोच.

पण हा सगळा पराक्रम दुसऱ्या खुर्चीतला. पहिली खुर्ची त्यांना २००० साली मिळाली, वयाच्या ६३ व्या वर्षी. सिनसिनाटीचा संघ हंगामातले पहिले तिन्ही सामने हरला, मुख्य प्रशिक्षकानं पद सोडलं, आणि संघ लेबोंच्या हातात आला. अडीच-तीन हंगामांत ४५ सामने झाले. त्यातले १२ जिंकले, ३३ हरले. २००२ मध्ये तर सोळापैकी दोनच. त्यांना काढलं. संघ आधीपासूनच दुबळा होता हे खरं, तरी आकडे आकडेच.

वय ६५. ज्यांनी अख्ख्या देशाला बचाव कसा करायचा ते शिकवलं, त्यांच्या नावावर हा शिक्का. यानंतर माणूस घरी बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते एक वर्ष बफेलोच्या संघात मुख्य प्रशिक्षकाचे साहाय्यक म्हणून राहिले आणि २००४ मध्ये पिट्सबर्गला गेले, बचावाचे प्रशिक्षक म्हणून. हीच खुर्ची, याच संघात, त्यांनी १९९५-९६ लाही सांभाळली होती. म्हणजे आठ वर्षांनी माणूस जिथून निघाला तिथेच परत येऊन बसला. मुख्य प्रशिक्षक बिल काऊर त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान.

आता कुणी म्हणेल, यात कसला त्याग? पगार भरपूर मिळत असणार. अगदी बरोबर. मला त्यांना संत करायचं नाही. त्यांच्या मनात काय होतं, किती रात्री झोप आली नाही, तेही आपल्याला ठाऊक नाही. मन दिसत नाही, काम दिसतं. ते बघू या.

त्याआधी तीन वेळा ते प्रशिक्षक असलेला संघ अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलपर्यंत, जाऊन हरला होता. ५ फेब्रुवारी २००६ ला पिट्सबर्गनं सिएटलला २१-१० असं हरवलं. व्यावसायिक खेळातलं लेबोंचं हे पहिलं विजेतेपद, ६८ व्या वर्षी. आणि सामना कुठे, तर डेट्रॉइटमध्ये, जिथे चौदा हंगाम खेळून हात रिकामेच राहिले होते.

पुढे काऊर गेले आणि २००७ मध्ये माइक टॉमलिन आले. वय अवघं ३४! लेबोंच्या निम्म्याहून कमी. शिवाय टॉमलिन स्वतः बचावाचेच जाणकार, आणि त्यांची तालीम वेगळ्या पद्धतीत झालेली. नवी सून घरात आली की फोडणीत आधी मोहरी की जिरं यावरून काय होतं, ते मी सांगायला नको. इथे मात्र टॉमलिननी लेबोंची पद्धत तशीच चालू ठेवली. याचं श्रेय मी दोघांनाही देते, थोडं जास्त टॉमलिनना. तरुण वयात अधिकार हातात आल्यावर जुनं चांगलं आहे हे ओळखून त्याला हात न लावणं सोपं नसतं. २००८ च्या हंगामात लीगमधल्या बत्तीस संघांत सगळ्यांत कमी गुण आणि सगळ्यांत कमी यार्ड याच बचावानं दिले.

त्या हंगामाचा अंतिम सामना १ फेब्रुवारी २००९ ला अॅरिझोनाशी झाला. मध्यंतराला काही सेकंद उरलेले, आणि अॅरिझोना गुण घेण्याच्या अगदी उंबरठ्यावर. लेबोंचा निरोप होता की फेकणाऱ्यावर जोरात धावून जा. जेम्स हॅरिसन नावाच्या खेळाडूलाही धावूनच जायचं होतं. पण त्याला वाटलं, चेंडू आता झटकन बाहेर पडणार. तो पुढे जायचं सोंग करून मागे थांबला, चेंडू त्याच्या हातात आला, आणि १०० यार्ड धावत जाऊन त्यानं गुण केले. पिट्सबर्ग २७-२३ नं जिंकलं.

लेबोंच्या कारकिर्दीतली ही बहुधा सर्वांत गाजलेली खेळी, आणि ती त्यांचा शब्द मोडून झालेली! मी यावर बराच विचार केला. पुढे जाणारा गडी अचानक मागे थांबतो, ही कल्पना मूळ कुणाची? शिकवणाऱ्याचीच ना. हॅरिसननं त्या क्षणाची सूचना मोडली, शिकवण मोडली नाही. लेबो जसे वरच्या माणसाच्या हाताखाली राहूनही आपल्या डोक्यानं वागत होते, तसंच त्यांच्या हाताखालच्यानं केलं.

पण दुसऱ्या खुर्चीचं एवढं कौतुक करताना तिचा एक धोका सांगितलाच पाहिजे. ती लपायलाही फार सोयीची असते. "मी काय, सांगितलं ते केलं." न्यू ऑर्लिन्सच्या संघात ग्रेग विल्यम्स हेही बचावाचेच प्रशिक्षक होते. २००९ ते २०११ या काळात तिथे समोरच्या खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याइतकं जायबंदी केलं तर बक्षिसाचे पैसे मिळत, असं लीगच्या चौकशीत पुढे आलं. मार्च २०१२ मध्ये विल्यम्सना बेमुदत निलंबित केलं. आणि मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांनाही पूर्ण वर्षभरासाठी. 'बचावाचं खातं माझं नव्हतं' हे वरच्याला म्हणता आलं नाही, आणि 'वरच्यानं थांबवलं नाही' हे खालच्याला म्हणता आलं नाही. विल्यम्स २०१३ मध्ये परत कामावर आले, तो भाग वेगळा.

तेव्हा दुसरी जागा म्हणजे अर्धी जबाबदारी नव्हे. लेबोंचे खेळाडूही काही फुलं उधळत नव्हते. याच हॅरिसनला २०१० मध्ये डोक्यावर घातक धडक दिल्याबद्दल ७५,००० डॉलर दंड झाला. पिट्सबर्गचाच जुना खेळाडू माइक वेब्स्टर २००२ मध्ये वारला, आणि त्याच्या मेंदूच्या तपासणीतून वारंवारच्या धडकांनी काय नासाडी होते ते जगाला कळलं. नातवाला हा खेळ खेळू द्यायचा का, असं लेकीनं विचारलं तर मी नाहीच म्हणेन. लेबोंबद्दलचा आदर असूनही नाही. आदर आहे म्हणून प्रश्न विचारायचा नाही, हे मला पटत नाही.

खेळाडूंचा मात्र त्यांच्यावर जीव होता. दर वर्षी नाताळच्या सुमारास लेबो संघाला नाताळच्या आदल्या रात्रीची ती प्रसिद्ध लांबलचक कविता तोंडपाठ म्हणून दाखवायचे, आणि ते आडदांड गडी शाळेतल्या मुलांसारखे ऐकत बसायचे. ओहायोतल्या कॅन्टन गावी या खेळाचं मानाचं दालन आहे, हॉल ऑफ फेम. लेबोंना तिथे जागा मिळावी म्हणून एकदा हेच खेळाडू त्यांच्या डेट्रॉइटच्या दिवसांतला ४४ क्रमांकाचा सदरा घालून आले होते.

२०१५ च्या जानेवारीत, ७७ व्या वर्षी, त्यांनी पिट्सबर्ग सोडलं. आता तरी निवृत्त होतील ना? छे. ते टेनेसीच्या संघात गेले. तिथले मुख्य प्रशिक्षक केन विझनहंट पूर्वी पिट्सबर्गला चढाईचे प्रशिक्षक होते, म्हणजे लेबोंच्या बरोबरीचे. आणि २००९ च्या त्या अंतिम सामन्यात अॅरिझोनाचे मुख्य प्रशिक्षक तेच होते. ज्याला हरवलं, सहा वर्षांनी त्याच्याच हाताखाली! २०१७ च्या हंगामापर्यंत त्यांनी तिथे काम केलं. तेव्हा वय होतं ८०.

कॅन्टनचा मान त्यांना २०१० मध्ये मिळाला होता, तो खेळाडू म्हणून, त्या ६२ चेंडूंसाठी. मुख्य प्रशिक्षकांच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे आजही १२ विजय आणि ३३ पराभव असंच दिसतं. बचावाच्या प्रशिक्षकांसाठी असा रकानाच नसतो.