मातीखालचे कोणाचे?

गावाबाहेर वावर घेऊन घर बांधणारा माणूस आधी काय मोजतो? कुंपण, गोठ्याची लांबी-रुंदी, दोन कलमांमधले अंतर. पाणी तो मोजत नाही. बोअर किती खोल घ्यायची, एवढेच विचारतो. निवृत्तीनंतर आम्ही फोपनारला बिऱ्हाड हलवले, तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढेही आला. वरवर तो बोअरवाल्याला विचारण्याचा वाटतो. खरे पाहता तो स्वतःला विचारण्याचा आहे.

महाराष्ट्रात सातबारा, इकडे खसरा. शब्द बदलला तरी कागद एकच सांगतो : एवढी जमीन तुमची. पण तुमची म्हणजे किती खोलपर्यंत?

फोपनारच्याच मातीतून १९६४ साली बुद्धाच्या कांस्यमूर्ती निघाल्या. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर ते कलेक्टरला कळवावे लागते. जमीन माझी म्हणून गुपचूप घरात ठेवता येत नाही. मात्र १८८२ चा सुविधाधिकार कायदा म्हणतो, की ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क मालकाला आहे. टंचाईग्रस्त जाहीर झालेल्या भागात मध्य प्रदेशच्या १९८६ च्या पेयजल कायद्याप्रमाणे नव्या बोअरला परवानगी लागते, हे खरे; पण मूळ समजूत तीच. मूर्ती सर्वांची, पाणी माझे! तहानलेल्या माणसाला यातले कोणते धन मोठे वाटेल?

शिवाय मूर्ती पुरली तिथेच राहते. पाणी राहत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांत पाऊस मुरतो आणि मातीखालून तापीकडे सरकतो. हे ओळखूनच १६१५ साली, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा बांधला गेला. शंभराच्या वर कुंड्या, खालून एकमेकींना जोडलेल्या. उताराने आपसूक येईल तेवढेच पाणी शहराला मिळे. त्या रचनेत हावेला जागाच नव्हती. बोअरने ती करून दिली. आता मी खोल गेलो, तर शेजारच्या आबांची विहीर आटणार. आबा खोल गेले, तर माझ्या बोअरला नुसती हवा येणार.

मी हिशेब मांडला. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी पिते. शेळीचे पाच-सहा लिटरात भागते. परसातल्या लिंबू-शेवग्याला न्हाणीचे पाणी चालते. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की चार हजार लिटर पाणी होते. ते बांध घालून मुरवावे आणि त्यावर दोन गायी, चार शेळ्या आणि बाग जगेल, तेवढाच संसार मांडावा, असे ठरवले. शेजारच्या बोअरपेक्षा खोल जायचे नाही. केळी लावायची नाही.

आबांना हे सांगितले, तेव्हा ते हसले. "तुम्ही नाही उपसलं, तर पलीकडचा उपसेल, गुरुजी. अन् तुम्हाला पेन्शन आहे. माझा कांदेबाग महिनाभर कोरडा राहिला, तर सोसायटीचं कर्ज कोण फेडणार?"

पहिल्या आक्षेपाला उत्तर आहे. शेजारी घेतो म्हणून मी घेतो, हा न्याय मानला, तर शेवटचा थेंब संपेपर्यंत प्रत्येक जण निर्दोषच ठरेल. दुसऱ्यापुढे मात्र मान खाली घालावी लागते. माझा संयम स्वस्तातला आहे. पेन्शनवर जगणाऱ्याने कर्जावर जगणाऱ्याला पाण्याचे प्रवचन देऊ नये. पण नेमक्या त्याच कारणाने सुरुवात त्याने करावी. ज्याला थांबणे परवडते तोच थांबला नाही, तर ज्याला परवडत नाही त्याच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. नव्याने वस्तीला येणाऱ्याचा हा पहिला धर्म म्हणायला हवा : आपण येण्याआधी इथे कोणाची तहान भागत होती, हे विचारावे आणि मग आपली घागर भरावी.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. मातीखालचा उतार तसाच राहिला. मे २०२५ मध्ये दोन्ही राज्यांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला, तो या एकाच जमिनीत पाणी मुरवण्यासाठी. दोन सरकारांना जे पटले, ते दोन शेजाऱ्यांना पटायला हरकत नसावी. आबांच्या आणि माझ्या सामाईक बांधावर एक मुरणखड्डा घ्यायचा विचार चालू आहे. तो त्यांच्या वावरात असावा की माझ्या, यावर मात्र अजून बोलणे संपलेले नाही.