दार आतून उघडावे

पतिपत्नींच्या परस्परनिष्ठेविषयी, मुलांच्या संगोपनाविषयी आपल्या धर्मग्रामांत पुष्कळ बोलले जाते. एका प्रश्नाजवळ आल्यावर मात्र आपण सारेच घुटमळतो. दोघांपैकी एकाला शरीरसहवासाची ओढ आहे आणि दुसऱ्याचे मन त्या घडीला तयार नाही. अशा वेळी प्रेमाचे कर्तव्य कोणते? मन नसताना होकार देणे हे ढोंग ठरेल काय? आणि नकार दिला, तर वेदीसमोर दिलेल्या शब्दाला बाध येईल काय? प्रश्न नाजूक आहे. म्हणूनच तो केवळ कुजबुजीवर सोपवू नये, असे आम्हांस वाटते.

या संदर्भात संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ७ वा अध्याय पुढे केला जातो. पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे, एवढेच त्यातून उचलले जाते. पण त्याच दमात पौल पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार सांगतो, आणि काही काळ दूर राहायचे तर तेही दोघांच्या संमतीने, असे बजावतो. हे ऋण दोघांचे आहे. ते ज्याने फेडायचे त्याने आठवावे. दुसऱ्याने त्याची वसुली करू नये. पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या ‘ह्युमाने वीते’ या परिपत्रकात स्पष्टच सांगितले आहे की, जोडीदाराची स्थिती आणि रास्त इच्छा न पाहता लादलेला सहवास ही खरी प्रेमकृती नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली त्याच शिकवणीचा पुनरुच्चार केला.

मग मन तयार होते तरी कसे? जुन्या करारातील ‘गीतरत्ना’च्या ५ व्या अध्यायात याचे मोठे मनोज्ञ चित्र आहे. प्रियकर रात्री दाराशी आला आहे, त्याचे केस दवाने भिजले आहेत. ती मात्र वस्त्र उतरवून, पाय धुऊन निजली आहे. आता पुन्हा कशाला उठायचे, असे तिच्या मनात येते. तो कडीपर्यंत हात नेतो, पण दार मोडत नाही. तेव्हा तिच्या अंतःकरणात कालवाकालव होते. ती उठून दार उघडते, तोवर तो निघून गेलेला असतो आणि ती त्याला शोधत नगरभर फिरते. तिचा आळस म्हणजे प्रेमाचा अभाव नव्हता. ओढ होतीच, ती हाकेनंतर जागी झाली. त्याला आणखी थोडा धीर असता, तिने आतून एक शब्द दिला असता, तर ती रात्र वेगळी ठरली असती.

पुढे पोप दुसरे जॉन पॉल झालेले कारोल वोयतिवा यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात हेच पतींना सांगितले: स्त्रीची भावना सावकाश जागते, तिच्यासाठी न थांबणे हा स्वार्थ आहे. कॅनडातील डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली असे मांडले की, दीर्घ सहजीवनात अनेक स्त्रियांच्या बाबतीत इच्छा आधी येतेच असे नाही; जवळीक आपखुशीने स्वीकारल्यावर ती मागाहून येते.

तेव्हा ‘अजून मन लागलेले नाही, पण जवळ बसा, बोला,’ असे पत्नीने म्हणणे हे ढोंग नव्हे. तो प्रामाणिक होकाराचा आरंभ आहे. पती थकलेला असेल, तर त्यालाही असे म्हणता यावे. ढोंग सुरू होते ते भीतीपोटी. ‘नाही म्हटले तर उद्या घरात अबोला,’ या धास्तीने दिलेला होकार हा नाइलाज असतो. आजारपण, बाळंतपण, शोक किंवा जोडीदाराचे मद्यपान यांपुढे तर मनाला समजावण्याचा उपदेश कोणी कोणाला करू नये. तेथे नकाराचा मान राखणे हेच प्रेम.

एरवी मात्र मनाची मशागत करावी लागते, आणि ती रात्री दिवा मालवल्यावर होत नसते. विरार लोकलच्या गर्दीतून उभ्याने घरी परतलेल्या पत्नीने एकटीनेच भांडी घासायची आणि मग प्रसन्न असायचे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. सकाळी तिच्या माहेरावरून मारलेला टोमणा रात्री अंथरुणात दोघांच्या मध्ये येऊन पडतो. उलट हातातले काम वाटून घेणे, मोबाईल दूर ठेवून दिवसाची विचारपूस करणे, चुकले तर झोपण्यापूर्वी क्षमा मागणे, लहान घरात दोघांना एकांत मिळावा म्हणून वडीलधाऱ्यांनीही समजूतदारपणा दाखवणे, ही सारी त्या मीलनाचीच पूर्वतयारी होय.

‘तोबित’च्या पुस्तकातील सारेचे सात पती पहिल्याच रात्री मरण पावले होते. तिच्यासाठी शयनगृह सिद्ध झाले तेव्हा ती रडली. तोबियाने काय केले? तो पलंगावरून उठला, तिला ‘बहिणी’ म्हणून हाक मारली आणि दोघांनी मिळून प्रार्थना केली. घाबरलेल्या मनाला त्याने आधी सोबत दिली. विवाहसंस्काराने मिळालेला हक्क वापरण्याची याहून सुंदर रीत आम्हांस ठाऊक नाही.