चिमणी चांगली, कशावरून?

तिसरी-चौथीच्या मुलांना गोष्ट सांगून झाली आणि यातला वाईट कोण असं विचारलं, की हात भराभर वर जातात. कोल्हा लबाड, ससा हुशार, सावत्र आई दुष्ट, राजपुत्र शूर. ही वर्गवारी मुलं शाळेत येण्याआधीच शिकलेली असतात. आजीच्या गोष्टींनी ती घडवलेली असते, मोबाइलवरच्या कार्टूनांनी पक्की केलेली असते. मग शाळेने पुढे काय शिकवायचं? मराठीच्या तासाला याचं उत्तर बहुतेक वेळा ‘स्वभाववैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नापाशी थांबतं. प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक, दयाळू ही चार विशेषणं मुलं पाठ करतात आणि धडा बदलला तरी तीच वापरतात.

पात्रांचे प्रकार मुलांना शिकवूच नयेत, असं मला म्हणायचं नाही. शिकवावेतच. त्यामुळे गोष्टीची बांधणी दिसू लागते. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी 1928 साली आपल्या ग्रंथात शंभर परीकथा तपासून सात भूमिका मांडल्या: नायक, खलनायक, कामगिरीवर धाडणारा, जादूची वस्तू देणारा, मदतनीस, राजकन्या आणि तोतया नायक. पात्राची भूमिका त्याच्या रूपावरून किंवा कुळावरून ठरत नाही, गोष्टीत ते काय करतं यावरून ठरते, हे त्यांच्या मांडणीतलं सर्वांत मोलाचं सूत्र. एकच पात्र दोन भूमिका निभावू शकतं. आपल्या वर्गांत मात्र भूमिका आणि स्वभाव यांची सरमिसळ होते. गोष्टीत आडवा आला तो मुळातच वाईट, असं मूल धरून चालतं आणि आपण त्याला बरोबरची खूण देतो.

सगळ्यांना पाठ असलेली चिऊ-काऊची गोष्ट घ्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो भिजत चिऊच्या दारात उभा राहतो. चिऊ आत बाळाची न्हाणी-माखणी करत राहते आणि दार उघडायचं लांबवते. इथे गोष्ट थांबवून मुलांना विचारावं, की आतापर्यंत काऊने वाईट काय केलं? काहीच नाही. त्याचं घर कच्चं होतं आणि तो रंगाने काळा आहे, एवढंच आपल्याला कळलेलं असतं. तरीही तो वाईट हे मुलांनी केव्हाच ठरवलेलं असतं. पुढे काही घरांत काऊ आत शिरून चिऊचं खाणं फस्त करतो, काही घरांत तो तापल्या तव्यावर बसून भाजतो. पहिल्या रूपात तो खोडकर ठरतो, दुसऱ्यात बिचारा. गोष्टीचा शेवट बदलला तर पात्राचा प्रकारही बदलतो, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला सहज समजतं. फक्त आपापल्या घरी ऐकलेली रूपं एकमेकांना सांगायला वेळ मिळायला हवा. आणि चिऊ? आईपण सांभाळणारी की दारातल्या भिजणाऱ्याला ताटकळत ठेवणारी? दोन्ही. या ‘दोन्ही’पाशी मुलं अडखळतात आणि वाचन तिथूनच सुरू होतं.

पात्राला चांगलं-वाईट कशावरून ठरवायचं, हा प्रश्न नाशिकच्या अंबडमध्ये मला अधिक निकडीचा वाटतो. जुनं गाव, शेजारी औद्योगिक वसाहत, पलीकडे सिडको. कारखान्यांच्या पाळ्यांवर चालणाऱ्या या भागात खानदेश, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार अशा ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांची मुलं एका वर्गात बसतात. वर्तमानपत्रात अंबडचं नाव पुष्कळदा येतं ते पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या गुन्ह्याच्या बातमीत. एमआयडीसीकडची पोरं, बाहेरून आलेले, झोपडपट्टीवाले अशी बिरुदं मोठी माणसं सहज वापरतात. म्हणजे इथलं मूल गोष्टीतल्या पात्रांचे प्रकार शिकत असतानाच स्वतः कुणाच्या तरी गोष्टीतला एक ‘प्रकार’ होऊन बसलेलं असतं. काऊबद्दल ‘कशावरून?’ असं विचारायची सवय ज्याला लागली, ते मूल उद्या हाच प्रश्न स्वतःबद्दल आणि शेजारच्याबद्दलही विचारील.

यासाठी साहित्य लांबून आणायला नको. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्याच तुरुंगात लिहिली. आईचा स्वभाव कसा, याला मुलांचं उत्तर ठरलेलं: प्रेमळ. मग पोहण्याचा प्रसंग वाचून दाखवावा. पोहायला जायचं टाळून लपून बसलेल्या श्यामला तीच आई फोकाने मारते आणि विहिरीवर धाडते. आता ‘प्रेमळ’ या उत्तराचं काय करायचं? ते पुसायचं नाही, पण त्याच्या शेजारी मार ठेवून ते नव्याने समजून घ्यायचं. पाचवी-सहावीच्या मुलांना हे पुरतं झेपतं.

पंचवटीतल्या शूर्पणखेची कथा तर नाशिकचं प्रत्येक मूल जाणतं. राक्षसीण म्हणून ती वाईट, इथे मूल थांबतं. कथेतली कृत्यं क्रमाने फळ्यावर मांडली तर काय दिसतं? ती लग्नाची इच्छा घेऊन येते, दोघे भाऊ तिची थट्टा करून तिला एकमेकांकडे पाठवतात, ती चिडून सीतेवर धावून जाते, लक्ष्मण तिचं नाक कापतो. तिच्या विरुद्धचा पुरावा कथेत आहे आणि तिच्या संतापाचं कारणही आहे. श्रद्धेला धक्का न लावता हे दोन्ही सांगता येतं. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या व्यक्तींकडे अशाच नजरेने पाहिलं आणि मराठी वाचकाने त्या पुस्तकाला मनापासून आपलं म्हटलं.

लहान मुलांना इतका गुंता कशाला, आधी नीट वाचता तर येऊ दे, असा आक्षेप शिक्षकच घेतात. त्यात तथ्य आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या मुलाला मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचता यावेत असं उद्दिष्ट ठेवलं आहे आणि भरलेल्या वर्गात तेच गाठताना शिक्षकांची दमछाक होते. पण या उद्दिष्टात ‘अर्थासह’ हा शब्द आहे. शब्द घड्याळ लावून मोजता येतात. अर्थ कळला की नाही, हे मुलाला विचारूनच कळतं. त्याला वेगळा तासही लागत नाही. मुलाने विशेषण सांगितलं, की ते कोणत्या वाक्यावरून सुचलं, एवढं विचारायचं. वाक्य सापडलं नाही तर विशेषण मागे घ्यायची मुभा द्यायची आणि त्यासाठी गुण कापायचे नाहीत.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. स्वभाववैशिष्ट्याला एक गुण ठेवला, तर ते ज्या प्रसंगावरून ठरवलं तो प्रसंग सांगण्याला दोन ठेवा. येत्या चाचणीपासून हे करायला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही.