झाडपाला, भस्म आणि कळकलेला काढा

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुक्यांत वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी आदी समाजांनी जपलेल्या उपचारांना ‘झाडपाल्याचे औषध’ म्हणतात, आणि गुळवेल, शतावरी, मुसळी, हिरडा यांची मुळी, साल, पान वा फळ हेच त्यातील मुख्य द्रव्य असल्याने हे नाव अगदी नेमके आहे. धातूंची भस्मे आली ती रसशास्त्रातून, म्हणजे पारा, धातू व खनिजे यांपासून औषधे सिद्ध करणाऱ्या, भट्टी आणि ग्रंथ यांवर उभ्या असलेल्या एका वेगळ्या विद्येतून. आज ‘आयुर्वेदिक’ या एकाच शब्दाखाली दोन्ही वावरतात. त्यामुळे घरच्या शक्तिवर्धक काढ्यात बाजारातील लोहभस्माची पुडी मिसळणे म्हणजे त्याच परंपरेत आणखी एक मुळी घालणे असा समज सहज होतो. झाडपाल्याच्या दीर्घ वापरातून मिळालेली खात्री अशा वेळी धातूला उसनी दिली जाते.

वास्तविक रसशास्त्राने धातूला कधीही सहज घेतलेले नाही. धातू तापवून तेल, ताक, कांजी, गोमूत्र व कुळथाचा काढा यांत पुन्हा पुन्हा विझवण्याला शोधन म्हणतात. त्यानंतर वनस्पतींच्या रसात खलून, बंद संपुटात ठेवून, गोवऱ्यांच्या मोजक्या आचेचे पुट देत त्याचे भस्म करणे म्हणजे मारण. तयार भस्म पाण्यावर तरंगते का (वारितर), बोटांच्या रेषांत भरते का (रेखापूर्ण), आणि गूळ, मध, तूप, गुंज व टाकणखार यांच्यासह तापवल्यावर त्यातून पुन्हा मूळ धातू निघत नाही ना (अपुनर्भव), हे पाहिले जाते, आणि मात्रा गुंजेच्या वजनात मोजली जाते. यंत्रे नसलेल्या काळातील ही शिस्त आदरास पात्र आहे. तथापि पहिल्या दोन कसोट्या भस्म किती बारीक आहे एवढेच सांगतात आणि तिसरी धातू मोकळा उरला नाही एवढे; जठरातील आम्लात त्याचा किती अंश विरघळेल याचे उत्तर त्यांत नाही. शिशाचे संयुग झाले म्हणून शिशाचे विष जात नाही.

हा धडा मराठी स्वयंपाकघराला नवा नाही. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की ते ‘कळकते’, म्हणजे आंबटपणामुळे धातूचा अंश पदार्थात उतरतो, हे घरोघरी ठाऊक होते. आवळा घातलेल्या किंवा गुळासह आंबवलेल्या काढ्यात भस्म टाकून तो महिनाभर मुरवणे ही याच क्रियेला दिलेली मोकळीक आहे. शिवाय भस्म तळाशी बसत असल्याने बरणीतील पहिला आणि शेवटचा चमचा सारखा नसतो. गुंजेची मात्रा तेथेच निकालात निघते.

या तालुक्यांत प्रश्न अधिक बिकट होतो तो शरीराच्या अवस्थेमुळे. १९९२ मध्ये जव्हारमधील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्याला हादरवले, आणि कुपोषण व रक्तक्षय यांच्याशी या भागाचे नाव तेव्हापासून जोडले गेले. पुडीतील भस्मात शिसे मिसळलेले असेल, तर लोहाची उणीव असलेले शरीर आतड्यातून ते अधिक शोषते, लहान मुले प्रौढांच्या कित्येक पट शोषतात, आणि गर्भवतीच्या रक्तातील शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. हेच शिसे रक्तातील हिमोग्लोबिन बनण्याच्या क्रियेत अडथळा आणते. म्हणजे रक्त वाढावे म्हणून घेतलेले अशुद्ध भस्म रक्तच आटवू शकते. शुद्ध लोहभस्मही सरसकट निर्धोक ठरत नाही, कारण आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात रक्तक्षय असूनही शरीरात लोह साठलेले असू शकते, विशेषतः वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांत. आरोग्य केंद्रातून गर्भवतीला मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते हे निश्चित माहीत असते. पुडीबाबत तसे म्हणता येत नाही.

अमेरिकेत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सुमारे एक पंचमांश नमुन्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. रसशास्त्रीय औषधांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होते. भारतीय औषध नियमावलीच्या ई (१) या परिशिष्टात हरताळ, मनशीळ अशी विषारी द्रव्ये नोंदवलेली असून ती असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. मात्र घरच्या बरणीला वेष्टन नसते.

त्यात शिशाची बाधा स्वतःची ओळख सहसा देत नाही. फिकेपणा, थकवा, भूक मंदावणे, पोटदुखी, बद्धकोष्ठ ही तिची लक्षणे, आणि शक्तिवर्धक काढा सुरू करण्यामागच्या तक्रारीही बहुधा याच. त्यामुळे रक्तातील शिसे मोजले जाईपर्यंत औषध कमी पडते आहे असे समजून चमचा वाढवला जाण्याचीच शक्यता अधिक.