कढईकडे बघून खा

‘बाहेरचं खाऊ नका’ असं सांगणाऱ्याच्या घरी बहुधा दोन्ही वेळा कुणीतरी पोळ्या लाटत असतं. पहाटेची लोकल पकडणारा कामगार, पाठीवर डिलिव्हरीची पिशवी घेऊन दिवसभर फिरणारा तरुण, पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी यांना हा उपदेश काय कामाचा? त्यांच्यासाठी वडापाव चैन नसते, ते जेवण असतं. गिरणगावात गाड्यांवरचं खाणं रुजलं तेही याच गरजेतून. म्हणून खाणाऱ्यालाच अपराधी ठरवणारं आरोग्यशिक्षण मला अन्यायाचं वाटतं. गाडीसमोर उभं राहून काय घ्यावं आणि काय टाळावं, ही जाण त्यांना द्यायला हवी.

पहिली नजर तेलावर ठेवा. बटाटा, बेसन, लसूण, हळद यांत वावगं काही नाही. घात करतं ते पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. ते विघटित होऊन त्यातली ‘पोलर’ संयुगं वाढत जातात. हे प्रमाण 25 टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. पण वापरलेल्या तेलाची नोंद ठेवण्याची सक्ती रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना आहे. कोपऱ्यावरची गाडी त्यात येत नाही, तेव्हा तिथली तपासणी गिऱ्हाइकानेच करायची. तेल काळपट आणि दाट झालं असेल, तळताना फेस चढत असेल, धुराने घसा खवखवत असेल, तर पुढच्या गाडीवर जा. जाण्याआधी “मामा, तेल आज बदललंत का?” एवढं आदराने विचारा. रोज चार जणांनी विचारलं तर तेल बदलतं, कारण गाडीवाल्यालाही गिऱ्हाईक टिकवायचं असतं. वर्तमानपत्रात गुंडाळून देत असेल तर तेही नको म्हणा. छपाईच्या शाईतली रसायनं गरम, तेलकट पदार्थात उतरतात आणि त्याला मनाई आहे.

मिसळीत तर निवडीला केवढी जागा आहे! मोड आलेली मटकी हा तिचा जीव, आणि आपण मात्र फरसाण आणि तर्री वाढवून घेत राहतो. उसळ जास्त मागा, फरसाण मूठभर घ्या, कट वेगळ्या वाटीत घ्या, कांदा-लिंबू हवं तेवढं. दुसरा पाव सांगण्याआधी थोडं थांबा, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. पावभाजीवाल्याला ‘बटर कमी’ सांगता येतं. इडली, उकडलेली अंडी, सुकी भेळ, फुटाणे, भाजलेलं कणीस हेही त्याच रस्त्यावर मिळतं आणि खिशालाही परवडतं. बर्गर-पिझ्झाच्या मोठ्या साखळी दुकानांना मेनूवर उष्मांक लिहावे लागतात. तिथे कॉम्बो घेण्याआधी तो आकडा वाचावा.

आणि त्या कॉम्बोतलं, किंवा वड्यासोबत सहज उचललेलं कोल्ड्रिंक? माझ्या मते सगळ्यात आधी सोडायची गोष्ट ती. 600 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 60 ग्रॅम साखर असते, म्हणजे 12 चमचे. रोज 2000 उष्मांक घेणाऱ्या प्रौढाने वरून घातलेली साखर दिवसभरात 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मर्यादा एकाच बाटलीत ओलांडली जाते आणि पोट भरत नाही ते नाहीच. भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने 2023 मध्ये मांडला आहे. घरात आधीच कुणाला मधुमेह असेल, तर ही बाटली अधिकच महाग पडते.

तरीही माणूस बाटली का घेतो? पुष्कळदा नुसती तहान लागलेली असते आणि जवळपास भरवशाचं पाणी नसतं. पूर्वी उन्हाळ्यात पाणपोई घालणं पुण्याचं काम मानलं जाई. आज प्रत्येक खाऊगल्लीत, स्टेशनबाहेर, कॉलेजच्या फाटकाशी फिल्टरच्या पाण्याची पाणपोई वर्षभर चालली पाहिजे. नगरपालिकेकडे ती मागूच. पण वर्गणी गोळा करणाऱ्या गणेशोत्सव मंडळांनीही त्यातला एक हिस्सा यंदा आपल्या भागातल्या अशा एका पाणपोईसाठी काढून ठेवावा आणि तिची निगा राखायला कार्यकर्त्यांच्या पाळ्या लावाव्यात.